हजेरी, हाक आणि गजर : जाळ्यावरच्या देखरेखीच्या शब्दांचा इतिहास

“सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.”

हे वाक्य आता चाकूरसारख्या तालुक्याच्या गावीही रोजचे झाले आहे. सातबाऱ्याचा उतारा हवा असो, बँकेच्या पासबुकावर नोंद करून घ्यायची असो किंवा मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असोत. खिडकीपलीकडचा माणूस पडद्याकडे पाहतो आणि हे वाक्य म्हणतो. एकदा अशाच एका खिडकीशी उभा असताना मी विचारले, “डाऊन म्हणजे नेमकं काय झालं? यंत्र बंद पडलं, तार तुटली, की गर्दी झाली?” तो तरुण हसून म्हणाला, “सर, उत्तर येत नाही, एवढंच कळतं बघा.”

घरी येताना वाटले, की या दुसऱ्या उत्तरात पहिल्यापेक्षा जास्त विज्ञान आहे. ‘उत्तर येत नाही’ हे निरीक्षण झाले. ‘यंत्र बंद आहे’ हा निष्कर्ष झाला. निरीक्षण आणि निष्कर्ष यांत फरक करायला आपण मुलांना प्रयोगवहीत शिकवतो; पण रोजच्या बोलण्यात तो फरक सहज पुसला जातो.

दूरवरच्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या तंत्रज्ञांना मात्र तो पुसून चालत नाही. मोठी बँक, रेल्वे किंवा वीजपुरवठा यांच्या कारभारामागे हजारो संगणक आणि त्यांना जोडणारे जाळे असते. त्या सर्वांची खबरबात एका जागी आणून दाखवणारी सॉफ्टवेअर असतात. पुणे, मुंबई, हैदराबाद अशा शहरांत रात्रपाळीला बसलेली तरुण मंडळी पडद्यावरचे हिरवे-तांबडे ठिपके पाहत असतात. आपले काही माजी विद्यार्थीही त्यांत असतील. त्यांच्या बोलण्यात पोलिंग, ट्रॅप, हार्टबीट, थ्रेशोल्ड, इव्हेंट, अलार्म असे शब्द सारखे येतात. हे शब्द कुठून आले, आणि त्यांच्यात इतका बारीक भेद करण्याची गरज का पडली, हे या लेखात पाहू या. त्यासाठी संगणकाची ओळख असलीच पाहिजे असे नाही. आपल्याकडे एक उत्तम नमुना आहे. तो म्हणजे वर्गातली हजेरी.

वर्गातले जाळे

सकाळी शिक्षक पट उघडतात आणि एकेक क्रमांक पुकारतात. “एक?” “हजर.” “दोन?” “हजर.” मध्यवर्ती यंत्राने ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला ‘आहेस का?’ असे विचारण्याला पोलिंग म्हणतात, ते हेच. इंग्रजीतल्या ‘पोल’ या शब्दाचा जुना अर्थ ‘डोके’ असा आहे. डोकी मोजणे म्हणजे पोल. त्यातूनच मतमोजणीचा अर्थ आला आणि पुढे यंत्रांना पाळीपाळीने विचारण्याचाही. मराठीतला ‘शिरगणती’ हा शब्द याच घडणीचा आहे.

आता सात क्रमांकाचे उत्तर आले नाही. शिक्षक किती वेळ थांबतात? दोन-तीन क्षण. या थांबण्याच्या मर्यादेला टाइमआऊट म्हणतात. मग ते पुन्हा पुकारतात, “सात?” हा झाला पुनर्प्रयत्न. तरीही उत्तर नाही, तेव्हा कुठे पटावर गैरहजेरी लागते. पहिल्याच हाकेला उत्तर नाही म्हणून फुली मारणारा शिक्षक चुका फार करील. दहा वेळा पुकारणाऱ्याचा तास संपून जाईल. किती थांबायचे आणि किती वेळा विचारायचे, हा तोल जाळ्यावर देखरेख करणाऱ्यालाही रोज साधावा लागतो.

एखाद्या दिवशी सात, बारा, एकोणीस, तेवीस असे एका खेड्यातले सगळेच विद्यार्थी गैरहजर दिसतात. चांगला शिक्षक इतक्या घरी निरोप धाडत नाही. तो विचारतो, “अरे, त्यांची एसटी आली का?” एसटी आली नसेल तर मुले आजारी आहेत की धडधाकट, हे शिक्षकाला ठाऊकच नाही. मुले गैरहजर आहेत असे म्हणण्याऐवजी ‘वाट बंद आहे’ एवढेच त्याने म्हणावे. देखरेखीच्या भाषेत या दोन अवस्थांना दोन वेगळी नावे आहेत. यंत्रच बंद असले तर ‘डाऊन’, आणि यंत्रापर्यंतची वाट बंद असली तर ‘अनरीचेबल’. एथन गालस्टॅड या अमेरिकी प्रोग्रामरने १९९९ मध्ये नेटसेंट नावाचे मुक्त सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले; २००२ मध्ये त्याचे नाव नागिओस झाले. त्यात यंत्राच्या अवस्था तीनच मानल्या आहेत : चालू, बंद आणि वाट नाही. हा तिसरा शब्द नसता, तर एका तुटलेल्या तारेमुळे पडद्यावर शंभर तांबडे ठिपके उमटले असते आणि खरा दोष त्या गर्दीत हरवला असता.

हजेरी चालू असताना एखादी मुलगी हात वर करून म्हणते, “सर, पोटात दुखतंय.” तिचा क्रमांक अजून आलेला नाही, पण तिने थांबायचे तरी का? यंत्राने न विचारता आपणहून पाठवलेल्या अशा निरोपाला ट्रॅप म्हणतात. आणखी एक प्रकार गावच्या रात्रीतला आहे. पूर्वी गावात जागल्या असे. तो फिरत फिरत ठरावीक अंतराने आरोळी देई. त्या आरोळीत बातमी अशी काहीच नसे. ‘मी जागा आहे’ एवढेच त्यातून गावाला कळे. पण आरोळी यायची वेळ टळली, की झोपेतला माणूसही दचकून उठे. यंत्रे अशीच ठरावीक वेळाने एक छोटा निरोप पाठवत राहतात. त्याला हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका, असे नाव पडले आहे. ठोका चुकला, हीच बातमी.

गप्प राहण्याचा अर्थ

न आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न संगणकाच्या फार आधी रेल्वेला पडला होता. चाकूरच्या मुलांना लातूर रोड जंक्शन परके नाही. परळी, लातूर आणि विकाराबाद अशा तीन दिशांचे रूळ तिथे एकत्र येतात. समोरच्या रुळांवर गाडी आहे की नाही, हे स्टेशनमास्तरला डोळ्यांनी दिसत नसताना कसे कळावे?

विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने यावर रूळ-मंडल तयार केले. त्याच्या पहिल्या रचनेत गाडी आली की विद्युतमंडल पूर्ण होई आणि धोक्याची खूण दिसे. रचना चालली, पण तिच्यात एक घातक दोष होता. तार तुटली किंवा बॅटरी संपली तर गाडी आली तरी खूण दिसत नसे, आणि खूण नाही म्हणजे रस्ता मोकळा, असा समज होई. म्हणून १८७२ मध्ये त्याने उलटी रचना केली. दोन रुळांमधून सतत थोडा विद्युतप्रवाह वाहता ठेवायचा. तो प्रवाह पलीकडच्या टोकाला एका विद्युतचुंबकाला ओढून धरतो, तोवर रस्ता मोकळा. गाडी आली, की तिची चाके आणि आस दोन्ही रुळांना जोडतात, प्रवाह मधूनच परत फिरतो, विद्युतचुंबक सुटतो आणि सिग्नल धोका दाखवतो. तार तुटली, बॅटरी संपली किंवा रूळ मोडला, तरी परिणाम तोच : धोका.

प्रयोगशाळेत दोन तारा, एक सेल आणि एक छोटा दिवा घेऊनही हे दाखवता येते. पहिल्या रचनेत गप्प राहणे म्हणजे ‘ठीक आहे’. दुसऱ्या रचनेत गप्प राहणे म्हणजे ‘थांबा’. जगभरच्या रेल्वेने दुसरी रचना स्वीकारली. हार्टबीट या शब्दामागची कल्पना तीच आहे.

पाणबुडीचा आवाज आणि मॅक्सवेलचे भूत

देखरेखीच्या भाषेत आलेल्या आणखी काही शब्दांची कुळकथा पाहू.

‘अलार्म’ हा शब्द इटालियन भाषेतल्या ‘शस्त्रे घ्या!’ अशा अर्थाच्या आरोळीतून आला. म्हणजे मुळात ती नुसती माहिती नव्हती; ऐकणाऱ्याने ताबडतोब उठून काही करायचे होते. आपला ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या कालमापनाच्या शब्दातून आला आहे. प्रहराप्रहराला पाळी बदलणारी राखण म्हणजे पहारा. इंग्रजीतही ‘वॉच’ म्हणजे राखण, पाळी आणि घड्याळ अशा तिन्ही गोष्टी होतात. राखण आणि काळ यांची ही सांगड दोन्ही भाषांनी घातली, कारण वेळेवर कळले नाही तर कळण्याला अर्थ नसतो.

पडद्यामागे गुपचूप काम करत राहणाऱ्या प्रोग्रामला ‘डीमन’ म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत १९६३ च्या सुमारास रूढ झाले, आणि ते चक्क भौतिकशास्त्रातून घेतलेले आहे. एका लहानशा दाराशी बसून जलद आणि मंद रेणू वेगवेगळे करणारे मॅक्सवेलचे काल्पनिक भूत आपण उष्मागतिकीत वाचतो, तेच हे. न थकता दाराशी बसून राहणारा राखणदार, ही उपमा तिथल्या मंडळींना आवडली.

‘पिंग’ हा शब्द समुद्रातून आला. पाण्यात ध्वनीचा ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा आणि मधल्या वेळेवरून अंतर काढायचे, ही सोनारची पद्धत. माइक मूस हे अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणारे प्रोग्रामर होते. जाळ्याच्या नियमांत प्रतिध्वनी मागण्याची सोय १९८१ पासून होतीच. तिचा उपयोग करून त्यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला पिंग हे नाव दिले. दूरच्या यंत्राला निरोप पाठवायचा, तो परत आला का आणि किती वेळाने आला ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. आजही जाळे बिघडले की तंत्रज्ञ सर्वांत आधी पिंग करून पाहतो.

१९८०च्या दशकात जाळी वाढली आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली निराळी, अशी स्थिती झाली. तेव्हा सर्वांसाठी एक साधी सामाईक बोली ठरवली गेली. तिचा मसुदा ऑगस्ट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. एसएनएमपी हे तिचे नाव, आणि त्यातल्या ‘एस’चा अर्थच ‘साधा’ असा आहे. विचारणाऱ्या यंत्राला तिने ‘मॅनेजर’ म्हटले आणि उत्तर देणाऱ्या यंत्रातल्या प्रोग्रामला ‘एजंट’. ‘ट्रॅप’ हा शब्द संगणकाच्या अंतर्गत रचनेतून उचलला. चालू काम थांबवून अनपेक्षित गोष्टीकडे उडी मारणे, असा त्याचा तिथला अर्थ होता.

या पहिल्या बोलीत एक उणीव होती. एजंटने पाठवलेला ट्रॅप मॅनेजरला मिळाला की नाही, हे एजंटला कळत नसे. निरोप वाटेत हरवला तर दोन्हीकडे शांतताच. १९९३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इन्फॉर्म’ नावाचा नवा निरोप आला. त्यात मिळाल्याची पोच परत द्यावी लागते. साध्या पत्राने भागत नाही तेव्हा आपण पोच मागवतो, त्यातलाच हा प्रकार. नवा शब्द जन्मला तो एका विशिष्ट शांततेवर उपाय म्हणून.

राखणदारच झोपला तर

देखरेख करणारी व्यवस्थाच बिघडली, तर काय होते? याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

पहिले २७ ऑक्टोबर १९८० चे. आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेले आर्पानेट त्या दिवशी काही तास ठप्प झाले. त्या जाळ्यातले प्रत्येक केंद्र आपली खुशाली इतरांना कळवत असे. जुना निरोप कोणता आणि नवा कोणता हे ओळखण्यासाठी प्रत्येक निरोपावर ० ते ६३ पर्यंतचा क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळात बारानंतर एक येतो आणि तो बाराच्या ‘पुढचा’ मानतात, तसेच इथेही. दोन क्रमांकांतला फरक ३२ पर्यंत असेल तर मोठा तो नवा, आणि फरक त्याहून जास्त असेल तर लहान तो नवा, असा नियम होता. एका केंद्राच्या सदोष स्मृतीमुळे एकाच निरोपाच्या ८, ४० आणि ४४ अशा क्रमांकांच्या तीन प्रती तयार झाल्या. आता नियम लावून पाहा : ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि ४४ पेक्षा ८ नवा! प्रत्येक प्रत दुसरीला जुनी ठरवून पुढे ढकलली जाऊ लागली. हे चक्र संपेचना, आणि खुशालीच्या निरोपांनीच सगळे जाळे भरून गेले. मुलांना द्विमान पद्धतीत ४४, ४० आणि ८ लिहायला सांगा. ४४ मधला एक १ गळला की ४० होतात, आणखी एक गळला की ८, हे त्यांचे त्यांना सापडेल.

दुसरे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चे. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी सव्वादोनच्या सुमारास गजर देणारे सॉफ्टवेअर बंद पडले. बंद पडल्याचा गजर अर्थातच झाला नाही. बाहेर तारा तापून खाली झोळत होत्या, झाडांना टेकत होत्या, एकेक वाहिनी गळत होती. पडद्यावर नवीन काही येत नव्हते आणि कक्षातल्या माणसांनी त्याचा अर्थ ‘सारे ठीक’ असा घेतला. चार वाजून गेल्यावर ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातले मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. रॉबिन्सनच्या पहिल्या रचनेतला दोषच १३० वर्षांनी पुन्हा उगवला होता.

घटना आणि गजर

‘इव्हेंट’ आणि ‘अलार्म’ या शब्दांत तंत्रज्ञ काटेकोर भेद करतात. जे काही घडले आणि नोंदले गेले ती घटना. ज्यासाठी कोणीतरी उठायला हवे तो गजर. यंत्रे दिवसाला लाखो घटना नोंदवतात. त्यांतल्या फार थोड्या गजर होतात. घटनेचा गजर केव्हा करायचा ही सीमा म्हणजे ‘थ्रेशोल्ड’, शब्दशः उंबरठा.

हीच परिभाषा भूकंपशास्त्रातही आहे. भूकंपमापक केंद्रातला संगणक गेल्या काही सेकंदांतल्या हालचालीची सरासरी आणि त्याआधीच्या दीर्घ काळातली सरासरी यांचे गुणोत्तर सारखे काढत असतो. गुणोत्तराने उंबरठा ओलांडला की ‘घटना’ नोंदली जाते. जवळून ट्रक गेला तरी हालचाल होते. तिला ते ‘गोंगाट’ म्हणतात.

उंबरठा कुठे ठेवायचा हा प्रश्न किती जड असतो, हे लातूर जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात लहान लहान धक्के जाणवत होते. त्यांतला मोठा १८ ऑक्टोबरचा. त्या घटना होत्या. त्यांचा गजर करावा असे सांगणारे ज्ञान त्या वेळी नव्हते. देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता, आणि असे लहान धक्के पुष्कळ ठिकाणी येऊन विरूनही जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सुमारे ६.२ प्रतीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच हजारो माणसे गेली. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला, पहिला विभाग रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला.

मोठ्या भूकंपाआधीचे लहान धक्के ‘पूर्वधक्के’ होते, हे मोठा भूकंप झाल्यावरच ठरते. त्याचे भाकीत आजही करता येत नाही. म्हणून ‘१९९२ मध्येच कळायला हवे होते’ असे म्हणणे न्याय्य होणार नाही. पण एक धडा घेता येतो. गजर यंत्रातून आपोआप निघत नाही. माणसाने आधी ठरवलेल्या उंबरठ्यातून तो निघतो. ‘कमी धोका’ असे नकाशावर लिहिले, की घरे कशी बांधायची आणि कोणत्या आवाजाला दचकायचे, तेही त्या शब्दाने ठरून जाते.

उंबरठा दोन पायऱ्यांचा ठेवण्याची पद्धतही आपल्याकडे रुळलेली आहे. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट अशी दर पावसाळ्यात बातम्यांत येते. ‘इशारा’ म्हणजे सामान आवरा. ‘धोका’ म्हणजे घर सोडा. देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वॉर्निंग’ आणि ‘क्रिटिकल’ या शब्दांत नेमके हेच अंतर आहे.

मराठीत कसे म्हणावे

आता आपल्या भाषेकडे वळू. परिभाषा घडवण्याचे प्रयत्न आपल्याला नवे नाहीत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना १९१७ मध्ये तिथे भाषांतर विभाग निघाला, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि विज्ञान उर्दूतून शिकवण्यासाठी हजारो शब्द घडवले गेले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय आले आणि त्याने परिभाषा कोशांची मालिका काढली. या सर्व प्रयत्नांनंतर आज आपल्या तोंडी काय उरले? कोशात ‘दुर्ग’ असला तरी ‘किल्ला’ गेला नाही. ‘हजेरी’, ‘इशारा’, ‘खबर’ हे अरबी मुळाचे शब्द घरचेच झाले. जो शब्द कामाच्या जागी उपयोगी पडतो, तो टिकतो.

म्हणून देखरेखीचे शब्द मराठीत आणताना शब्दाला शब्द ठेवण्यात अर्थ नाही. ‘ट्रॅप’ला ‘सापळा’ म्हटले तर कोण कुणाला पकडतो आहे हेच कळणार नाही. तो खरा निरोप आहे, न विचारता दिलेली हाक आहे. पोलिंगला ‘हजेरी’, हार्टबीटला ‘ठोका’, थ्रेशोल्डला ‘उंबरठा’ किंवा ‘पातळी’, इव्हेंटला ‘घटना’, वॉर्निंगला ‘इशारा’, अलार्मला ‘गजर’, आणि ‘कळले, मी बघतो’ अशा अर्थाच्या ॲक्नॉलेजला ‘पोच’ : हे सारे शब्द आपल्या घरातच आहेत. तरुण मंडळी अलर्ट, पिंग, टिकीट म्हणतात, तेही चालू दे. शब्द मराठी की इंग्रजी, यापेक्षा भेद टिकतो की नाही हे महत्त्वाचे. घटना, इशारा आणि गजर या तिन्हींना आपण सरसकट ‘सूचना’ म्हणू लागलो, तर शब्द शुद्ध राहील आणि पहारा ढिला पडेल.

चौथे उत्तर

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम सुचवतो. आठवडाभर हजेरी नेहमीच्या दोन खुणांऐवजी तीन खुणांनी घ्या : हजर, गैरहजर आणि वाट बंद. शनिवारी मुलांना मोजायला सांगा, की जुन्या पद्धतीत किती मुले ‘गैरहजर’ ठरली असती. त्याला जोडून एक गणित द्या. एखादी सेवा वर्षातला ९९ टक्के वेळ चालू असते, हे ऐकायला बरे वाटते. वर्षाचे तास ८७६०. त्यांचा एक टक्का म्हणजे ८७.६ तास, साडेतीन दिवसांहून जास्त! ९९.९ टक्के म्हणजे ८.७६ तास. आणि मोठ्या कंपन्या ज्याचा अभिमान बाळगतात ते ‘पाच नऊ’, म्हणजे ९९.९९९ टक्के, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटे.

शेवटी नागिओसकडे परत येतो. एखादी सेवा कशी चालली आहे हे तपासणारा छोटा प्रोग्राम त्यात चारच उत्तरे देऊ शकतो. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे इशारा, २ म्हणजे धोका आणि ३ म्हणजे ‘माहीत नाही’. दूरध्वनी जाळ्यांसाठी १९९२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही गजराच्या तीव्रतेच्या यादीत ‘अनिश्चित’ अशी एक पायरी मुद्दाम ठेवली आहे. तपास करणाऱ्याला तपासच करता आला नाही, तर त्याने ‘ठीक’ म्हणू नये आणि ‘धोका’ही म्हणू नये, माहीत नाही असे सांगावे, म्हणजे कोणीतरी जाऊन पाहील.

आपल्या वर्गात मात्र ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आपण खाली बसवतो, आणि अंदाजाने ‘होय सर’ म्हणणारा सुटतो. त्या खिडकीतला तरुण मला आठवतो. ‘उत्तर येत नाही, एवढंच कळतं’ असे तो म्हणाला तेव्हा त्याने खरे तर बरोबर खूण केली होती. पुढचे काम, म्हणजे कुणीतरी उठून वाट तपासणे, त्यानंतरच सुरू होते.